सध्या सर

परवा बँकेचा मेसेज आला, तुमची माहिती आमच्याकडे पूर्णपणे सुरक्षित आहे. स्वयंपाकघरात मी एकटीच होते, तरी मोठ्याने म्हणाले, "सध्या." मग माझं मलाच हसू आलं. राठोड सरांनी लावलेली ही खोड इतकी वर्षं झाली तरी जिभेवरून जात नाही.

सर आम्हाला वसमतला कॉलेजात गणित शिकवायचे. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे परभणी जिल्ह्यातलेच. सर मूळचे आमच्याच भागातल्या गोरेगावकडच्या एका तांड्यावरचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या बैलांचा धंदा, आणि हा एकच गडी आकड्यांच्या नादी लागलेला. उंच, काटकुळी अंगकाठी, इस्त्रीचा शर्ट, आणि त्या शर्टावर कायम एक लाल चौकड्यांचा रुमाल टाकलेला. प्राचार्यांनी एकदा आडून आडून सुचवलं की रुमाल तेवढा घरी ठेवत चला. सर म्हणाले, "साहेब, हे आमच्या बापाचं दुकान हाय." प्राचार्यांना काही कळलं नाही, आम्हालाही नाही. विषय तिथेच मिटला.

त्यांना एका जागी स्वस्थ बसलेलं मी पाहिलंच नाही. वर्गात दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत शिकवायचे. चहा उभ्याने, बशीत ओतून, तोही अर्धा टाकून. सुट्टीला गावी निघाले की जीपमध्ये बसायचे आणि जीप हलली की खोलीच्या कडीची आठवण व्हायची. जीपवाले त्यांना ओळखून होते. "सर, कडी बराबर लावली ना? आताच सांगा," असं विचारूनच गाडी सुरू करायचे. सर छातीठोकपणे म्हणायचे, "लावली." आणि पोलीस ठाण्यापर्यंत गाडी गेली की, "थांब रे, बघून येतो."

आणि तो शब्द. कॉलेजची नवी इमारत पक्की आहे म्हटलं की सर म्हणायचे, "सध्या." यंदा हळदीला भाव चांगला आहे म्हटलं की "सध्या". ऑफिसातल्या क्लार्कचं नवं लग्न झालं होतं. बायको फार समजूतदार आहे म्हणून तो बिचारा कौतुकाने सांगायला आला, तर सर त्यालाही "सध्या" म्हणाले. आठवडाभर तो सरांशी बोलला नाही. पोरांनी त्यांचं नाव 'सध्या सर' पाडलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

एकदा त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात एक लांबलचक संख्या लिहिली. म्हणाले, ही दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, त्या दोन मला शोधून द्या. आम्ही पानंच्या पानं भरली, कोणाला जमलं नाही. तेव्हा सर म्हणाले, "हळद आणि बेसन एकत्र कालवायला किती वेळ लागतो? लेकरू पण कालवतं. आता तेच वेगळं करून दाखवा." मग त्यांनी सांगितलं की मोठ्या जगातली गुपितं, सरकारची, बँकांची, ह्याच एका गोष्टीच्या भरवशावर कुलूपबंद केलेली असतात. गुणाकार सोपा, पण गुणाकार फोडून मूळच्या दोन संख्या काढणं महाकठीण.

औरंगाबादच्या एका मित्राकडून त्यांना विदेशी मासिकं यायची, जुनी, कोपरे दुमडलेली. असंच एक मासिक हातात घेऊन ते एके दिवशी वर्गात आले आणि फेऱ्या मारायला लागले. शिकवेनात. शेवटी एका मुलाने विचारलं, "सर, काय झालं?"

"झालं न्हाई. व्हायचंय." तिकडच्या कोण्या गणित्याने कागदावर सिद्ध केलं होतं की अणूंच्या अजब नियमांवर चालणारं यंत्र बनलं, तर ते हळद आणि बेसन चुटकीसरशी वेगळं करील. अशा यंत्राला क्वांटम संगणक म्हणतात.

"कुठं हाय ते यंत्र?"

"कुठंच न्हाई."

"मग तुमी काहून घाबरून राहिले?"

"अरे, यंत्र बनायला वेळ लागेल. पण किल्ली बनती, हे तर कळलं ना! आता ज्याला कुणाला घाई न्हाई तो कुलूपबंद पेटी आजच उचलून नेईल आणि किल्लीची वाट बघत बसेल."

आम्ही पोटभर हसलो. वसमतला तेव्हा साधा संगणक आम्ही कोणी धड पाहिला नव्हता, आणि हा माणूस अजून जन्माला न आलेल्या संगणकाच्या काळजीने वाळून चालला होता.

पुढे मी एका संस्थेत नोकरीला लागले. हिंगोली जिल्हा झाला होता. कुरुंदा, शिरड शहापूर ह्या भागात गरोदर बायकांची तपासणी असायची, त्यात रक्ताची एक तपासणी एचआयव्हीची. लोक नाव घ्यायचे नाहीत, 'ती बिमारी' म्हणायचे. जिच्या रक्तात दोष निघे तिला एकीकडे घेऊन समजावणं माझं काम. बाळंतपणाच्या वेळी आईला एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला थोडं औषध, एवढ्याने बाळ वाचण्याची चांगली आशा असते, हे मी दिवसभर सांगायचे. बाई ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची, "घरी कळंल का?"

मग संस्थेने कुरुंद्याच्या दवाखान्यात संगणक दिला. सगळ्या नोंदी, नावागावासकट, त्यात भरायच्या आणि टेलिफोनच्या तारेतून मुख्य कार्यालयाला पाठवायच्या. ते सांभाळायला कोणीतरी जाणकार हवा होता, तो आठवड्यातून दोन दिवस आला तरी चालणार होतं. सर तोवर संगणकही शिकले होते, मी हौसेने त्यांचं नाव सुचवलं.

संगणक बसवायला शहरातून एक साहेब आले होते. तरुण, हुशार, बोलायला गोड. सरांना म्हणाले, "सर, टेन्शन घेऊ नका. हे कुलूप तोडायला जगातले सगळे कॉम्प्युटर लावले तरी हजारो वर्षं लागतील."

"सध्याचे कॉम्प्युटर," सर म्हणाले.

साहेबांनाही ते गणित ठाऊक होतं, हे मात्र सांगायला हवं. ते हसून म्हणाले, "तुम्ही क्वांटमचं म्हणताय. सर, तसलं मशीन तुमच्या-माझ्या हयातीत येत नाही."

"आपल्या हयातीचं कोण इचारून राहिलं?" सर दाराकडे गेले आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या पोटुश्या बायकांकडे बोट केलं. "त्यांच्या पोटातल्या लेकरांच्या हयातीचं बोला. ह्या गुपिताला सत्तर वर्षं टिकायचंय. त्या लेकराचं लग्न व्हायचंय, नोकरी लागायचीय. तुमचं कुलूप तवर पुरंल?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. नोंदी जायला लागल्या.

रुक्मिण त्यानंतर आली. शिरड शहापूरच्या बाजूची, पाचव्या महिन्यातली, तोंडात साखर असल्यासारखी बोलणारी, सासू बरोबर. तिच्या रक्तात दोष निघाला. नोंद तशीच्या तशी तारेतून गेली होती, आणि पुढच्या वेळी सासूला बाहेर बसवून मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. गोळीचं ऐकून घेतलं, मान हलवली. मग म्हणाली, "सासूला कळलं तर मला घरात घ्यायची न्हाई ती. माझं जाऊ द्या. पण लेकराला कोण पदरात घेईल? बाई, हे किती दिस झाकून राहील?"

"कायम," मी म्हणाले.

सर कोपऱ्यात संगणकाशी झगडत होते. रुक्मिणने त्यांच्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस, वयाने मोठा, त्याच्या तोंडून ऐकावं असं तिला वाटलं असणार. "व्हय का, सर?"

सरांनी रुमालाचं टोक पिरगाळलं. "सध्या तरी," ते म्हणाले.

रुक्मिण उठली, पदर सावरला आणि निघून गेली.

मी सरांना त्या दिवशी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. गुरू आहेत हेही पाहिलं नाही. "तुमच्या एका शब्दापायी ते लेकरू जाईल सर! खोटं बोलता येत नव्हतं? सगळे बोलतात!" सर उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "तुझं खरं हाय बेटा. पण तिनं मला इचारलं ना." पुढच्या तपासणीला रुक्मिण आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बोलवायला घरी जावं तर सासूला संशय येणार. तिचे दिवस भरत चालले होते, आणि सर कुरुंद्याच्या त्या दवाखान्याच्या ओट्यावर इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि रागही जात नव्हता.

मग सरांनी साहेबांना गाठलं आणि हटूनच बसले की नावं तारेतून जाणार नाहीत. जे तारेत घातलंच नाही ते कुठलंच यंत्र उघडू शकत नाही. साहेब वैतागले. "सर, नाव नको तर नको. पण बाई पुन्हा आली की तीच बाई आहे हे ओळखता आलं पाहिजे. दुसरं काहीतरी द्या."

सरांनी डोकं लढवलं. प्रत्येक बाईने आपला एक गुपित शब्द निवडायचा, नोंद त्या शब्दाने करायची. तपासणीच्या दिवशी मी बायकांना एकेक करून आत बोलावलं आणि सरांनी लिहून दिला होता तसाच प्रश्न विचारला, "असा शब्द सांगा, जो तुमी कधीच कोणापुढं तोंडातून काढत न्हाई." बायका लाजल्या. पदर तोंडाला लावला. एकीने तर मला दार लोटून घ्यायला लावलं, आणि मग कानात कुजबुजली, "ज्ञानोबा."

दुसरी म्हणाली, "मारोती." तिसरी पुन्हा, "ज्ञानोबा." चौथी बराच वेळ हसत राहिली आणि म्हणाली, "न्हाई बाई, पाप लागंल," आणि मग हळूच, "नामदेव." तिसरा ज्ञानोबा आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बायका नवऱ्याची नावं सांगत होत्या. जन्मात न उच्चारलेला शब्द तोच. आणि तोच शब्द अख्खं गाव बांधावरून हाका मारताना रोज घेत होतं.

मी सरांना सांगितलं तर ते भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बायका बराबर हायेत बेटा. आपला सवालच चुकला. त्यांनी गुपित म्हणजे न बोलायची गोष्ट धरली, आपल्याला पाहिजे मागं न उरायची गोष्ट." मग त्यांनी डोळे पुसले. खांद्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि पहिल्यांदाच त्यांनी मला त्यांच्या बापाच्या दुकानाचं सांगितलं.

त्यांचे वडील बैलांच्या बाजारात दलाली करायचे. दलालांची आपसातली एक बोली असायची. मारका बैल असला की त्याला ते 'जावई' म्हणायचे. गोरेगावचा एक पाटील वडिलांचा जिगरी दोस्त. एका बाजारात वडिलांनी त्याला एक बैल दिला आणि देताना शेजारच्या दलालाला हसून म्हणाले, "जावई हाय, जरा जपून." पाटील तिथेच उभा. त्याला वाटलं कोणाच्या तरी जावयाची थट्टा चाललीय. त्या बैलाने पुढे पाटलाच्या भावाचा डोळा काढला. पाटलाने वडिलांना बोल लावला नाही, जनावराचं काय सांगता येतं म्हणाला. बरीच वर्षं गेली. वडिलांशी बिनसलेल्या एका दलालाने पाटलाला ती बोली उलगडून सांगितली. पाटलाला ते वाक्य आठवत होतं. दुसऱ्या दिवशी तो तांड्यावर आला, दारात उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "जावई कुठं हाय?"

"बाप पुन्हा बाजारात गेला न्हाई," सर म्हणाले. "चूक त्याचीच होती, मी त्याची बाजू घेत न्हाई. पण पाटलानं काय केलं बघ. अर्थ कळत नव्हता तवर वाक्य नुसतं ठेवून दिलं. अर्थ मागून आला. बाप मरेस्तोवर म्हणायचा, तोंडानं बोललो तिथंच फसलो. रुमालाखाली बोलायला पाहिजे होतं."

रुमालाखालचं बोलणं आमच्याकडे कोणाला नवं नाही. बैलांचा सौदा असाच व्हायचा. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं असली तरी कोणाला कळत नाही, आणि रुमाल उचलला की मागे काही राहत नाही. सरांनी ठरवलं, शब्द नको, बोटं. प्रत्येक बाईने मनाला येईल तो आकडा माझ्या हातात दाबायचा. संगणकात फक्त तो आकडा आणि तपासणी. आकडा कोणाचा, हे बाईच्या बोटांना आणि मला ठाऊक. उद्या कुलूप तुटलं तरी आत नुसते आकडे सापडतील.

"आता रुक्मिणकडं जाऊ," सर म्हणाले.

हळद शिजवायचे दिवस होते. रुक्मिणच्या शेतात कढई चढली होती, सासू तिथेच. आम्ही हळदीचं बेणं बघायला आलोय असं सांगितलं. सासरा सरांना बेण्याचा ढीग दाखवायला बांधापलीकडे घेऊन गेला. सर आमच्याकडे मुद्दाम पाठ करून उभे राहिले. रुक्मिणचा आकडा आपल्या नजरेसही पडू नये म्हणून. त्यांचा रुमाल मी घेतला होता. रुक्मिणजवळ बसून मी तो मांडीवर पसरला आणि हळूच म्हणाले, "नाव न्हाई. बोटं."

तिने रुमालाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हे काय बाई," ती मोठ्याने म्हणाली, "बैल घ्यायला आल्या का?" सासूसुद्धा हसली. हसण्याच्या आड रुक्मिणने रुमालाखाली हात घातला. हळदीने खरबरीत झालेला, गरम हात. तिने माझी बोटं दाबली, थांबली, पुन्हा दाबली.

"ठरला का सौदा?" सासूने कढईपासून विचारलं.

"ठरला," रुक्मिण म्हणाली.

ती वेळेवर आली. गोळी मिळाली, बाळाला औषध मिळालं. मुलगी झाली. दीड वर्षाची झाल्यावर पोरीचं रक्त पुन्हा तपासलं, ते स्वच्छ निघालं. मी धावत जाऊन सरांना सांगितलं आणि रडले. सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ते म्हणणार. पण त्यांनी शब्द गिळला, आणि रुमालाने चष्मा पुसत राहिले.

मात्र त्यांची फेरी काही थांबली नाही. रुक्मिणची पहिली नोंद नावानिशी गेली होती, ती त्यांना खात होती. साहेबांनी ती खोडून टाकली होती, तसा निरोपही दिला. "त्यांच्याकडची खोडली," सर म्हणायचे. "जाताना वाटेत कुणी उचलून ठेवली असंल तर?"

"कोण कशाला उचलेल, सर?"

"पाटलानं काहून ठेवलं होतं?"

मासिकं येतच होती. तसल्या एका लहानशा यंत्राने पंधरा ही संख्या फोडून तीन आणि पाच काढले, हे त्यांनी मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मी म्हणाले, "पंधरा? ते तर चौथीतलं पोरगं करतं!" सर म्हणाले, "आज पंधरा." मला पुन्हा हसू आलं, पण मागच्यासारखं पोटभर नाही.

सर निवृत्त होऊन तांड्यावर जायला निघाले, त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर शिरड शहापूरच्या बाजारात होते. बाजार आटोपून जीपपाशी आलो. सर बसले, उतरले, पुन्हा बसले. तेवढ्यात समोरून रुक्मिण आली. आमचा करारच होता की चारचौघांत ओळख दाखवायची नाही. तिने मान खाली घालून आम्हाला ओलांडलं. पुढे जाऊन थांबली, आणि बरोबरच्या पोरीला काहीतरी सांगून मागे पाठवलं. दोन वेण्या, शाळेचा निळा झगा, हातात कागदाची पुडी.

"आईनं शेंगा दिल्या," पोरगी म्हणाली.

सर जीपमधून उतरले. शिक्षकाच्या तोंडून जे आपोआप निघतं तेच निघालं, "नाव काय बेटा तुझं?"

शाळेत शिकवतात तशी ती ताठ उभी राहिली. स्वतःचं, बापाचं, आडनाव, गाव, सगळं एका दमात सांगायला तिने श्वास घेतला, आणि सर घाईने म्हणाले, "नको, नको. राहू दे. सांगू नको कुणाला असं." पोरगी गोंधळली. काही चुकलं की काय म्हणून आईकडे बघायला लागली. तेव्हा सर खाली वाकले, खांद्यावरचा रुमाल आपल्या हातावर टाकला आणि म्हणाले, "असं सांग. हितं आत."

तिला त्यातलं काय कळणार! बैलांचे तसले सौदे तिने पाहिलेलेही नसतील. तिने रुमालाखाली हात घातला आणि तिथे सापडलं ते सरांचं एक बोट मुठीत घट्ट धरून ठेवलं. आकडा नाही की काही नाही, नुसतं धरलं आणि हसली.

जीपवाल्याने हॉर्न दिला. "सर, निघू का?" सर हलले नाहीत. त्याने पुन्हा हॉर्न दिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याला हाताने जायला सांगितलं. जीप गेली. त्या गर्दीत सर तसेच वाकून उभे होते, पोरगी बोट सोडेपर्यंत.